बाबांचं रेअर रक्त आणि माझे भिजवलेले मटार

तो मेसेज मी झाशीच्या इलाइट चौराह्यावर ऑटोत बसून टाकला. समोर सगळं जाम, मागे एक ट्रॅक्टर उगाच हॉर्न मारतोय, माझ्या मांडीवर बॅग, बॅगेवर डबा, डब्यावर फोन. घरच्या ग्रुपवर लिहिलं, "बाबांचं रक्त रेअर आहे!!! म्हणजे एकदम रेअर!!! डिटेल्स घरी जाऊन सांगते." खाली लाल थेंबाचे तीन इमोजी. दहा सेकंद लागले असतील. ते दहा सेकंद निस्तरायला पुढचे पाच दिवस गेले.

ग्रुपवर चाळीसेक माणसं आहेत. सगळी बाबांच्या बाजूची, नाशिक, जळगाव, पुणे अशी पसरलेली. बाबा नोकरीसाठी तिकडून इकडे आले, ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात टेस्टिंगला लागले आणि तिथेच रिटायर झाले. आई मात्र झाशीचीच, इथल्या जुन्या मराठी घरातली. मी त्या दोघांची एकुलती, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, आणि ग्रुपवर माझी ओळख "आपली सायंटिस्ट". ही पदवी त्यांनी मला अकरावीत दिली होती, लिंबात तारा खुपसून बल्ब लावला तेव्हा. बल्ब लागला नव्हता. पदवी राहिली.

आता मी काय करते ते सांगते, नाहीतर माझा गाढवपणा नीट कळणार नाही.

मटारच्या वाळलेल्या दाण्यात एक प्रोटीन असतं. त्याला दोन हात असतात असं समजा. हे हात साखर पकडतात, पण डब्यातलीच असं नाही, आपल्या रक्तातल्या लाल पेशींच्या अंगावर बाहेरून ज्या बारीक बारीक साखरा चिकटलेल्या असतात त्यापण. पकड एकदम ढिली. एक हात धरतो, सुटतो, धरतो, सुटतो. पण एका पेशीवर साखरा लाखो, आणि प्रोटीन पण ढीगभर. एक हात सुटेपर्यंत दुसऱ्या शंभरांनी धरलेलं असतं. कोणीच जोर लावत नाही आणि तरी सगळं मिळून असं घट्ट बसतं की पेशींची जाळी विणली जाते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मेसमध्ये पराठा हातात धरून उभी राहून दोन मैत्रिणींना सांगितलं. त्यातली एक अजून माझ्या शेजारी जेवायला बसत नाही.

हे बघायला मशीन लागत नाही, हीच त्यातली मजा. प्लॅस्टिकची एक पट्टी असते, इडलीपात्राची नात म्हणा, तिला शहाण्णव छोटे छोटे खळगे. खळग्यात मटारचा अर्क टाकायचा, वरून धुतलेल्या लाल पेशी, आणि तासभर हात लावायचा नाही. जाळी झाली तर पेशी खळगाभर पसरून राहतात, गुलाबी चादर अंथरल्यासारख्या. जाळी नाही झाली तर सगळ्या घरंगळत तळाशी जातात आणि मधोमध एक लाल टिकली दिसते. चादर म्हणजे पास, टिकली म्हणजे नापास. माझं पुढचं काम सोन्याच्या कणांचं आहे. इतके बारीक की पाण्यात टाकले की पाणी रूह-अफ़ज़ासारखं लाल दिसतं. त्या एकेका कणावर शेकडो साखरा चिकटवायच्या आणि बघायचं, सुट्या साखरेपेक्षा ही गठ्ठ्यातली साखर मटारचे हात किती पटकन अडवते. पण ते पुढे. आधी साधी चादर तर आली पाहिजे.

आतापर्यंत येत होती. रक्त माझ्या लॅबमधल्या जोडीदाराचं असायचं. माझं का नाही? कारण मी दोनदा दिलं आणि दोनदा स्टूलवरून खाली पडले. दुसऱ्यांदा पडताना सेंट्रिफ्यूजची वायर पण घेऊन पडले. त्यानंतर मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, मला सुईजवळ यायची बंदी घातली.

तर त्या सोमवारी सकाळी बाबांचं रक्त घ्यायला पॅथॉलॉजीचा भैया आमच्याकडे प्रेम नगरला आला होता. गुरुवारी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, त्याआधीच्या तपासण्या. मी म्हटलं, "भैया, एक ट्यूब ज़्यादा ले लो ना, रिसर्च के लिए." बाबांनी बाही अजून वर केली. "घे गं. देशाच्या कामी येऊ दे." ट्यूब बर्फात ठेवून मी लॅबला गेले. बरोबर आदल्या रात्री घरी भिजवलेले मटार. रविवारी लॅब बंद असते म्हणून मिठाचं पाणी लॅबमधूनच बाटलीत भरून आणलं होतं आणि पातेलं ओट्यावर ठेवून झोपले होते.

वाटलं, गाळलं, फिरवलं, खळगे भरले, बाबांच्या पेशी टाकल्या. तासाभराने बघते तर टिकली. पुढचा खळगा, टिकली. अख्खी रांग, एकसारख्या लाल टिकल्या, जशा चैत्राच्या हळदीकुंकवाला बायका रांगेत बसल्यात.

इथे कुठल्याही शहाण्या मुलीने विचार केला असता, की आज मी अर्क पण नवीन घेतला आणि रक्त पण नवीन घेतलं, मग बिघडलं नक्की कशात? मी तो केला नाही. माझं डोकं सरळ तिसऱ्या मजल्यावर गेलं: बाबांच्या पेशींवर साखराच नाहीत! ज्या रक्तगटात साखरेची एक कडी गायब असते तो, लाखात एखादा! मला घाम फुटला. आनंदाने की भीतीने ते आठवत नाही, बहुतेक आनंदाने, आणि त्याची लाज आता वाटते. बाहेर पळाले, ऑटो पकडला, आणि मग तो मेसेज.

घरी पोचेपर्यंत ग्रुप पेटला होता. नाशिकच्या आत्याची चार मिनिटांची व्हॉइस नोट, ज्यात पहिलं मिनिट ती चष्मा शोधत होती. एका काकांनी विचारलं, "भाऊ रेअर तर मी पण रेअर का?" पुण्याच्या चुलतभावाने लिहिलं, "लहानपणापासून डाउट होता." आणि आई दारातच उभी. हातात ओगराळं, म्हणजे आमच्याकडे वरण वाढायला असतो तो मोठा डाव. तिच्या माहेरी हाच शब्द, आणि राग आला की हेच हत्यार.

"काय लिहिलंस तू? ह्यांना काय झालंय?"

"झालं काही नाही गं. पण रक्त लागलं तर मिळणार नाही."

"म्हणजे झालंच की!"

बाबा मात्र शांत. सोफ्यावर बसलेले, केस विंचरलेले. दुपारी केस कोण विंचरतं? म्हणाले, "मी डॉक्टरांना फोन केला. सांगितलं, बेटी रिसर्च में है, कह रही है खून रेअर है. गुरुवारचं कॅन्सल."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, रिपोर्ट लाइए, फिर देखते हैं. बघू. आता घाई नको."

त्या "घाई नको"वर आईने ओगराळं ओट्यावर आपटलं तेव्हा मला कळायला लागलं. बाबांचं हे ऑपरेशन दोन वर्षं चाललंय. आधी म्हणाले रिटायर होऊ दे, मग म्हणाले उन्हाळ्यात टाके पिकतात, मग थंडीत खोकला होतो, मग भाचीचं लग्न. तोपर्यंत पट्टा बांधून फिरायचं. डॉक्टरांनी मागच्या वेळेला स्पष्ट सांगितलं होतं की आतडं त्यात अडकलं तर मग तारीख बघायला वेळ मिळणार नाही, उचलून आणावं लागेल. केवढ्या मुश्किलीने आईने ही गुरुवारची तारीख पक्की केली होती. आणि मी, आपली सायंटिस्ट, बाबांच्या हातात अशी सबब दिली होती की तिच्यापुढे भाचीचं लग्न म्हणजे काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पार्कातून आले ते छाती पुढे काढून. त्यांचे रिटायर्ड दोस्त म्हणे आता त्यांना बेंचवर मधे बसवतात. "वीआईपी खून है भाई साहब, मच्छर भी पूछ के काटे." बाबा मला हे दोनदा सांगून हसले, आणि हसताना पोटाला खालून हात लावून धरला. ते मी बघितलं. आईने पण बघितलं. ती मला फक्त एवढंच म्हणाली, "आज तो रिपोर्ट आण. आणि खरा आण."

लॅबमध्ये मॅडमना मी सगळं एका श्वासात सांगितलं, प्लेटचा फोटो दाखवला, आणि थांबले. मला खरंच वाटत होतं की त्या खुर्चीतून उठतील.

त्या उठल्या नाहीत. चष्मा काढला. "कंट्रोल कहाँ है?"

"जी?"

"इसी अर्क को किसी और के खून पर डाला? पापा के खून पर पुराना अर्क डाला?"

"...नहीं."

"एक बार में एक चीज़ बदलते हैं, कि दोनों?"

मी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"और दूसरी बात. ब्लड ग्रुप वाली शुगर अलग होती है. मटर का प्रोटीन उसको पकड़ता ही नहीं. वो जिसको पकड़ता है वो सबके खून में है. तुम्हारे, मेरे, पापा के. ये तुमने सेमिनार में ख़ुद बोला था."

बोलले होते. स्लाइड पण माझीच होती, आणि त्यावर ॲनिमेशन लावायला मी अख्खी संध्याकाळ घालवली होती. मजकूर बहुतेक ॲनिमेशनच्या नादात वाचलाच नाही.

जोडीदाराने बाही वर केली. तो बिचारा आता सवयीने करतो. सोमवारचाच अर्क, त्याचं रक्त, एक तास. टिकली. म्हणजे रक्त ठीक, अर्क मेलेला. एकीकडे इतकं हलकं वाटलं, आणि दुसरीकडे चाळीस माणसं डोळ्यांसमोर उभी राहिली.

"भिगोया कहाँ था?" मॅडम.

"घर पे. किचन में."

मॅडमनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी आपोआप आईला फोन लावला. स्पीकरवर, कारण मॅडम म्हणाल्या स्पीकरवर.

"आई, रविवारी ते मटार भिजवले होते ना ओट्यावर, त्यात तू काही घातलंस का?"

"नाही गं. मी कशाला हात लावू?"

"नक्की?"

"चाखून बघितलं फक्त. खारट ढोण! म्हटलं पोरीच्या हातून मीठ जास्त पडलं. मग साखर घातली दोन चमचे."

"साखर?!"

"मग? मटारला साखर घालतातच, रंग राहतो. आमच्याकडे पहिल्यापासून घालतात. ढवळून झाकण ठेवलं."

"आई, ते खायचे नव्हते!"

"मग स्वयंपाकघरात कशाला ठेवलेस?"

आमच्या आख्ख्या गल्लीला माहीत आहे की मराठन भाभीच्या डाळीत चीनी असते, भेंडीत चीनी असते, कढीत तर असतेच. शेजारची आंटी वाटी परत देताना दर वेळी टोमणा मारते. फक्त मलाच सुचलं नाही की माझ्या घरात झाकण नसलेल्या पातेल्यात रात्रभरात काय जाऊ शकतं.

मॅडमना मराठी येत नाही पण "साखर" कळलं. त्या हसायला लागल्या, आणि मॅडम हसतात हे मला दोन वर्षांत माहीतच नव्हतं. झालं असं होतं: मटारच्या प्रोटीनचे दोन्ही हात आईच्या साखरेने आधीच भरले होते. दोन्ही हातांत लाडू घेतलेल्या पोराला म्हणा, हात धर. कुठला धरतोय? म्हणून जाळी नाही, म्हणून टिकली.

"ये तो तुम्हारा पहला रिज़ल्ट है, पागल," मॅडम म्हणाल्या. "खुली शुगर से रुकता है, और देखो, कितनी सारी लगी. यही तो नापना था, सोने वाली से तुलना करने को. थीसिस में क्या लिखोगी, मम्मी ने डाली?"

मी म्हटलं, ठीक आहे, पण ही सुटी साखर ढिली असते ना, मग काढता येईल. अर्क एका पातळ पिशवीत भरला. तिची भोकं एवढी बारीक की साखर बाहेर जाते, प्रोटीन आतच राहतं. ती पिशवी मिठाच्या पाण्यात सोडली, पाणी चार वेळा बदललं. अर्क दुसऱ्या दिवशी दुपारी तयार होणार होता.

त्या संध्याकाळी घरी येऊन बाबांना सांगितलं. मला वाटलं सुटल्यासारखं करतील. त्यांनी पेपर खाली ठेवला नाही.

"तू काल सांगितलंस रेअर. आज सांगतेस साखर. उद्या काय सांगशील?"

"बाबा, काल मी चुकले."

"मग आज चुकली नाहीस कशावरून?"

माणूस तीस वर्षं टेस्टिंगमध्ये होता. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्यांना प्लेट दाखव. तोंडाने तू काहीही सांगतेस."

म्हणून बुधवारी बाबा माझ्या लॅबला आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, खालून तो पट्टा. जिन्याच्या मधल्या वळणावर थांबले, मी हात पुढे केला तर म्हणाले, "फोटो बघतोय," आणि भिंतीवरचा अग्निशामक नळकांड्याचा चार्ट वाचत बसले. मॅडमनी खुर्ची दिली, "अंकल जी, चाय?" म्हणाल्या. मी त्यांच्यासमोरच प्लेट भरली: वरच्या रांगेत जोडीदाराचं रक्त, खालच्या रांगेत बाबांचं, दोन्हींत तोच धुतलेला अर्क. त्याखाली अर्क नसलेली एक रांग, तुलनेला. ही रांग मी आयुष्यात पहिल्यांदा न सांगता घेतली. मॅडमनी भुवई वर केली.

मग तासभर बसायचं. बाबांनी सगळं विचारलं. ही मोजणी कशी, ती सुई कशी, तापमान किती. माझ्या वहीत बघून म्हणाले, "सोमवारची नोंद कुठे आहे?" ती मी लिहिलीच नव्हती. लिहायच्या आधी मेसेज टाकला होता.

"आम्ही टेस्ट न केलेला ट्रान्सफॉर्मर कधी गेटबाहेर सोडला नाही," बाबा म्हणाले. "तू बाप सोडलास."

जोडीदार खोकायला म्हणून बाहेर गेला.

तासाने प्लेट उजेडात धरली. वरची रांग, चादर. बाबांची रांग, चादर. तशीच, गुलाबी, खळगाभर. सगळ्यात खालच्या रांगेत टिकल्या, म्हणजे टेस्ट पण नीट चालू आहे. बाबांनी प्लेट हातात घेतली, पार नाकाजवळ नेली, कितीतरी वेळ बघत राहिले.

"म्हणजे साधंच."

"साधंच आहे, बाबा. बी पॉझिटिव्ह, कार्डावर आहे तेच."

त्यांनी प्लेट खाली ठेवली. मॅडम कपाटात काहीतरी शोधायला वळल्या. मला वाटतं त्या मुद्दाम वळल्या. बाबा हळू आवाजात, मराठीतच म्हणाले, "मला त्या भुलीची भीती वाटते गं. माझे मोठे मामा उठलेच नव्हते. मी सातवीत होतो. बाहेर बाकावर मीच बसलो होतो."

हे मला माहीत नव्हतं. आईला पण माहीत नव्हतं. दोन वर्षं थंडी, उन्हाळा, लग्न आणि मग माझं रेअर रक्त, एवढं सगळं या एका बाकासमोर रचलेलं. मी म्हटलं, "डॉक्टरांना सांगितलंत का हे?"

"हे काय सांगायचं असतं?"

"मला वाटतं हेच सांगायचं असतं. रक्ताचं मी सांगितलं, ते चुकीचं होतं. हे तरी खरं आहे."

बाबांनी फोन काढला. मी घ्यायला हात पुढे केला तर लांब धरला. "तू नको." स्वतः नंबर लावला, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. "हाँ डॉक्टर साहब, खून ठीक है. हाँ, नॉर्मल. नहीं, वो... असल में डर लग रहा था. बेहोशी का." मग बराच वेळ नुसतं ऐकत होते. "अच्छा? पूरा बेहोश नहीं करते? सिर्फ़ नीचे का? ये आपने पहले क्यों नहीं बताया?" पुन्हा ऐकलं. "हाँ, मैंने पूछा ही नहीं, ये भी सही है."

शनिवारची तारीख मिळाली. ग्रुपवरचा खुलासा लिहायला मला त्या संध्याकाळी चाळीस मिनिटं लागली आणि आईने दोनदा खोडायला लावला, कारण पहिल्या दोन मसुद्यांत सगळा दोष तिच्या साखरेवर होता. आत्याने उत्तर दिलं, "साखर घालणारी सून आणली तेव्हाच म्हटलं होतं." आई दोन दिवस ग्रुपवर गेली नाही.

शनिवारी सगळं ठीक झालं. कमरेखाली बधिर केलं होतं, बाबा आत जागेच होते आणि म्हणे वरचा दिवा थोडा लुकलुकतोय हे त्यांनी तिथे आडवं पडून डॉक्टरांना सांगितलं. रक्त लागलंच नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवर एक काका आले, जवळच्या एरच गावचे, तोच आजार, ऑपरेशन उद्या. सकाळपासून चादरीचं टोक पिळत बसले होते. शेवटी बाबांना म्हणाले, "साब, हमाओ तो जी घबरा रओ है."

बाबा उशीला टेकून थोडे वर सरकले. "घबराइए. घबराने में क्या है. पर डॉक्टर को बोल दीजिए, मैंने दो साल नहीं बोला." मग त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि काकांना विचारलं, "घर में कोई रिसर्च-विसर्च तो नहीं करता?"

"नईं साब. परचून की दुकान है, आटा-दाल की."

"फिर कोई चिंता नहीं," बाबा म्हणाले. "आराम से हो जाएगा."